पावडर बसेपर्यंत

अशोक चौक, मे महिना, सकाळी नऊलाच अंगाची काहिली.
कूलर नवरीकडे वळवलाय,
तरी फाउंडेशन कपाळावरून निघायच्या बेतात.

नागमणीचं नाक तेलकट. पफ घासायचा नाही,
दाबायचा, चादरीवर शिक्का उठवतात तसा,
आणि मनात वीस मोजायचे.

तिच्या जावेचे गाल कोरडे, पापुद्रे सुटलेले.
तिथं ब्रश नुसता येऊन गेल्यासारखा.

सावळ्या करवलीला "गोरी लाव गं" म्हणणाऱ्या मावशीला
मी चहा सांगायला खाली पाठवते.
फोटोत राख फासल्यागत दिसतं, हे तिला पटणार नाही.
करवलीचा डबा वेगळा, हळदीकडे झुकणारा.

कोर्समध्ये शिकले, असं सांगते सगळ्यांना.

अण्णा मागावरून यायचे तेव्हा
घामावर सुताचं तूस बसलेलं असायचं.
भुवया पांढऱ्या, नाकाच्या कडेला जाड थर,
गालफडं कोरडी, तिथं जवळजवळ काहीच नाही.
अम्मा विडीच्या वासाच्या हातानं पुसायची
आणि ते जास्तच पसरायचं.

"ताई, हसू का आता?" नागमणी ओठ न हलवता विचारते.

अकरा. बारा.
कूलरमधलं पाणी संपल्याचा आवाज येतोय.