वीस अंशांवर

दिल्लीला केळी उतरवून रिकामा परतलेला ट्रक
सावद्याला आला, तेव्हा ताडपत्रीखाली हे होतं:
आठ सिलिंडर, इटलीचं, गंजानं आवळलेलं,
एका अंगानं आगीत काळं.
गाडी नव्हती. जळून गेली म्हणे.
कुणाची, कुठं, ते भंगारवाल्यानं सांगितलं नाही
आणि प्रल्हाद भंगाळेनं विचारलं नाही.
"इतकंच भेटलं रे भो," तो म्हणाला,
जणू आम्ही अख्खी गाडी मागवली होती.

सिकंदर तडवी, भुसावळच्या डिझेल शेडमध्ये तीस वर्षं फिटर.
त्यानं प्लगच्या भोकांतून तेल ओतलं
आणि नऊ दिवस तिकडे फिरकलाच नाही.
"भिजू द्या. हातोडा मी लपवलाय."
दहाव्या दिवशी क्रँकशाफ्ट फिरला.
सूतभर.

मॅन्युअल इटालियनमध्ये. मी फैजपूरला पॉलिटेक्निकात ड्रॉइंग शिकवते,
म्हणून वाचणं माझ्या गळ्यात.
शब्द कळले नाहीत, आकडे कळले.
बेअरिंगची फट मोजायची ती वीस अंशांवर.
एप्रिल होता. पंख्याखाली त्रेचाळीस.
धातू दुपारी एक सांगायचा, पहाटे दुसरंच.

सावद्यात वीसच्या जवळपास जाणारी जागा एकच,
प्रल्हादची केळी पिकवायची खोली.
तिथं नेलं. हिरव्या क्रेटांच्या भिंती,
मधे पॅकिंगचं टेबल, आम्ही स्वेटरमध्ये,
दाराबाहेर डांबर वितळतंय.
आमच्यासाठी त्यानं काटा दोन अंश वर सरकवला
आणि तीनशे क्रेट एक दिवस आधीच पिवळे पडले.
व्यापारी फोनवर ओरडत होता.
हा "हो, हो" म्हणत पिस्टनवर रिंगा चढवत होता.

दिगंबर विसपुते जळगावहून यायचा, रविवारी, पेढी बंद असते म्हणून.
काचेच्या पेटीतला सोन्याचा तराजू मांडीवर घेऊन, बसनं.
आठ कनेक्टिंग रॉड तोलले.
सगळ्यांत हलका धरला, बाकीचे सात त्याच्याइतके घासले.
सवयीनं खाली लाल मखमल अंथरलेली.
पडला तो पोलादाचा कीस, तरी
ती त्यानं झटकली नाही. घडी करून नेली.

माझा हात बारीक, आतले नट माझ्याकडे.
एका रात्री दोन वाजता वायसर सुटलं.
खाली पडल्याचा आवाज आला नाही.
म्हणजे आत.
पुन्हा सगळं उघडलं. चार तास.
वायसर सिकंदरच्या स्वेटरच्या विणीत अडकलं होतं.
त्यानं ते काढून माझ्या तळहातावर ठेवलं
आणि चहा सांगायला निघून गेला.

तेरा महिने.
प्रल्हादचे सासरे यादवअण्णा चष्मा वर करून बघून गेले.
"किती हॉर्सपॉवर?"
"दोनशे चाळीस."
"मंग पानी किती इंची फेकीन?"
आम्ही हसलो नाही, खरं सांगते.
चौघांनीही मनात हिशोब करून पाहिला.

मे महिन्यात बागेच्या कडेला अँगलच्या सांगाड्यावर चढवलं.
ट्रॅक्टरचा रेडिएटर,
सलाईनसारखी टांगलेली पेट्रोलची बाटली.
फायरिंगचा क्रम मला झोपेतही येत होता:
एक पाच तीन सात
चार आठ दोन सहा.
पहिल्यांदा खोकलं.
दुसऱ्यांदा ज्वाळ, प्रल्हादची डावी भुवई गेली.
तिसऱ्यांदा धरलं.

आवाजाचं मी काही सांगणार नाही.
वारा नसताना जवळच्या केळीची पानं हलत होती, एवढंच.
सिकंदरनं स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावलं, मूठ कानाला,
डोळे मिटून एक बोट वर धरलं.
मग ते बोट खाली आलं.
अकरा मिनिटं. बाटली संपली.

"आता?" विसपुते म्हणाला.
कुणाकडेच उत्तर नव्हतं.

ते परत त्याच खोलीत आहे, केळीच्या निळ्या प्लास्टिकखाली.
लोडिंगची पोरं त्याला डबे टांगतात.
दर रविवारी कुणीतरी हातानं एक फेरा देतं, जाम होऊ नये म्हणून.
परवा ट्रक दिल्लीला निघाला.
प्रल्हाद ड्रायव्हरच्या खिडकीशी बराच वेळ उभा होता.
"येताना त्या भंगाराच्या गल्लीतून ये.
एखादं दार भेटलं तर पाय.
डावं असलं तरी चालीन."