दोन गोल

रोज सकाळी कॉम्प्युटर विचारतो, कोण?
आणि दोन गोल पुढे करतो.
एकात मी, स्पेलिंग चुकलेली.
दुसऱ्यात हणमंत, म्हणजे माझा दीर,
फोटोच्या जागी पिवळं बदक.
तो गेला त्याला सव्वादोन वर्षं झाली,
बदक तिथंच तरंगतंय,
पाण्याशिवाय.

कोपरखैरणे, सेक्टर सहा.
माथाडीच्या बैठ्या खोलीवर
एकावर एक चढवलेले दोन माळे.
वरच्या माळ्यावर आता गाद्या, पिंप, पोरांची सायकल.
रेशनकार्डावरचं त्याचं नाव काढायला
दोन खेपा घातल्या, स्टँपपेपर घेतला,
खिडकीतल्या बाईंचा डबा संपेपर्यंत उभी राहिले.
त्यामानाने हे काय,
पोरगी म्हणाली, एक क्लिक आहे, आई.

क्लिक केलं.
तुम्हाला अधिकार नाही, म्हणाला.
ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या.
आणि खाली कोण, तर बदक.

म्हणजे हप्ते मी फेडले,
की-बोर्डमधला चिवडा मी झटकला,
टोपी शिवली त्याला जुन्या परकराची,
आणि त्याच्या लेखी मी
आलेली-गेलेली.

हे म्हणाले, दुकानात ने,
तीनशे रुपयांत सगळं पुसून देतील.
सगळं कसं पुसू?
बचत गटाचा चार वर्षांचा हिशेब आहे आत.

मग फोन लावला.
वहिनी? आधी सांगा, सगळं ठीक ना?
ठीक आहे. पासवर्ड काय होता तुमचा?

तो हसला की खोकला, कळलं नाही.
गावाचं नाव टाकून बघा. टाकलं. चूक.
स्प्लेंडरचा नंबर. चूक.
कुलदैवत. चूक.
थांबा, म्हणाला.
त्याच्याकडे दार लावल्याचा आवाज आला.
मग खालच्या आवाजात, एकेक करून,
जे. आय. एन. सी. वाय.
पुढे एकोणीस, अकरा.

मी एका बोटाने दाबत गेले.
पडद्यावर काहीच दिसत नव्हतं,
नुसते नऊ ठिपके, काळे.
नाव जुळलं ते माझ्या तोंडात.

त्या डिसेंबरात त्याने केक आणला होता,
काळपट, मनुकांचा, लवंगेच्या वासाचा.
ऑफिसात वाटला, म्हणाला.
मी दोन तुकडे खाल्ले.
आणि त्याच आठवड्यात
पाटणच्या माझ्या मावसबहिणीचा फोटो
त्याच्या ताटाशेजारी ठेवला,
भाजीची वाटी जरा सरकवून.

उघडलं का?
उघडलं.
आता आधी तुम्हाला ॲडमिनिस्ट्रेटर करा, वहिनी,
मग मला काढा. उलटं करू नका, अडकेल.
एकेक पायरी सांगत होता,
सिलेंडर कसा बदलायचा ते सांगावं तसा.
मी म्हणत होते, हं. हं. झालं. पुढे?

मग यंत्राने एकच प्रश्न विचारला.
मी तो मोठ्याने वाचून दाखवला:
फाइली ठेवायच्या की पुसायच्या?

तिकडे कुकरची शिट्टी झाली.
दुसरी झाली.
तुम्हाला जागेची अडचण नसेल तर,
तो म्हणाला, आणि तिथंच थांबला.

जागा आहे, मी म्हणाले.
कधी नव्हे ते पटकन म्हणाले.

बदक गेलं. मिनिटही लागलं नाही.
त्याच्या नावाचा एक पिवळा फोल्डर
कोपऱ्यात येऊन बसला.
तो मी उघडलेला नाही.
पोरीलाही सांगितलंय, हात लावू नकोस.
तिने विचारलं, का?
म्हटलं, पासवर्ड नाहीये त्याला, म्हणून.

आज सकाळी कॉम्प्युटरने विचारलंच नाही.
सरळ उघडला, माझ्याच नावाने,
स्पेलिंग तेवढं अजून चुकीचं.
ते दुरुस्त करायचा अधिकार आहे आता मला.
करीन सवडीने.
आधी हिशेब:
सुर्वेबाईंचे दोनशे यायचेत,
आणि मागच्या महिन्यात कुणीतरी
जास्तीचे पन्नास भरलेत,
कुणाचे ते लागत नाही.