छाट

अशोक चौकात, दुसऱ्या मजल्यावर
कस्तुरे मॅडम सांगतात,
मूल आधी आईच्या चेहऱ्यात
स्वतःला बघतं.

मी हिशेब करते.
आईचा चेहरा सुपात. तेंदूपान, तंबाखू, दोरा.
हजार भरल्याशिवाय मान वर नाही.
म्हणजे मी दिसलेच नाही?
कारखान्यात छाट काढतात विड्यांची,
तशी बाजूला?

मॅडम पाणी सरकवतात.
खाली कुणाचा तरी माग खटखटतोय,
आणि त्या ठेक्यात एकदम पाय आठवतो:
अंगठ्याला बांधलेली माझ्या झोळीची दोरी.
आई बसल्याबसल्या पेंगायची,
सूप कलायचं,
अंगठा हलतच असायचा.

"हे तेलुगूत सांगू?"
मॅडमना तेलुगू येत नाही.
पेन खाली ठेवून म्हणतात,
"सांग."