आधीचं नाव

कणकुंबीच्या वर, वारुळाच्या कडेला
गौरी यायच्या आदल्या दिवशी ती उगवली होती.
छत्रीच्या मध्यावर राखाडी टोक,
देठ खोल खाली, वाळवीच्या घरापर्यंत.
भागू झोरे म्हणाली, ही आमची दुधाळ अळमी.
डॉ. मठपती वाकून म्हणाले, हुत्तद अणबे.
हलगेकर मॅडमनी भिंग काढलं
आणि काहीच म्हणाल्या नाहीत.
मी लुमाण्णा पाखरे, अटेंडर.
टोपली माझ्या हातात.

रात्री प्रयोगशाळेत अळंबी वाळत होती
आणि मॅडम नियम सांगत होत्या,
मला, पण बहुतेक स्वतःलाच.
ज्यानं आधी छापलं त्याचं नाव चालतं.
चांगलं की वाईट, कुणी विचारत नाही.
नावाला एक वाळलेला तुकडा लागतो,
तो कुठल्या कपाटात आहे ते छापावं लागतं,
वर एक नंबर, रेशन कार्डासारखा.
मग नावाचा अर्थ म्हणजे ते पाकीट.
उरलेल्या जगात जे काही उगवेल
ते त्या पाकिटाशी ताडून बघायचं.

पूर्वी एका बुरशीला दोन नावं चालायची,
मठपती म्हणाले.
एक तिच्या लेकुरवाळ्या रूपाचं, एक नुसत्या भुकटीचं.
दोघी आपापल्या पुस्तकात सुखानं.
मग कुठल्याशा परगावच्या हॉलमध्ये
माणसांनी कार्डं वर केली, कार्डं मोजली :
एक बुरशी, एक नाव.
"भांडले नाहीत?"
"भांडले की. चिक्कार.
पण मोजल्यावर घरी गेले."
मी हसलो. मठपतीही हसले.
आमच्या नाक्यावरच्या पाटीवर
डांबराचे किती थर आहेत, दोघांनाही ठाऊक.

मॅडमनी नाव ठेवलं कणकुंबियन्सिस.
छापून आलं. पेढे मी आणले.
पाकिटावरची चिठ्ठी तीनदा लिहिली,
तिसऱ्यांदा अक्षर नीट आलं.

दिवाळीत कपाट नंबर सात झाडायला काढलं.
डांबरगोळ्यांच्या खाली, पिवळ्या कागदात
एक पाकीट. लाल शाईत : टाइप.
तेच राखाडी टोक. तोच देठ,
वारुळाची माती अजून चिकटलेली.
साल एकोणीसशे सदतीस.
नाव बेलगौमेन्सिस.

कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते.
कसरीनं खाल्लं म्हटलं असतं
तर कोण बघायला येणार होतं?
मी स्टुलावर बसून राहिलो,
दुपारचा चहा टळला.
मग पाकीट मॅडमच्या टेबलावर ठेवलं
आणि उगीचच फडका मारत राहिलो.

पुण्याच्या ग्रंथालयातून जुन्या अंकाचं पान आलं.
लॅटिनच्या चार ओळी, सगळं रीतसर.
मॅडमनी स्वतःच्या हातानं
स्वतःचं नाव त्या नावाच्या खाली लिहिलं,
बारीक, एका बरोबरच्या खुणेनंतर.
"याला आमच्यात नाव बुडवणं म्हणतात,"
त्या म्हणाल्या.
"आमच्यात पण, मॅडम," मी म्हणालो.
तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

मठपतींनी विचारलं, "आता बेलगौम कुठं आहे?"
"कुठंच नाही. बेळगाव नाही, बेळगावी नाही,
कुणाच्या कानाला जे ऐकू आलं ते.
पण गावाची पाटी बदलली म्हणून
नाव बदलता येत नाही. कलम आहे."
मठपती बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होते.
बाहेर कॉलेजचा बोर्ड.

पुढल्या गौरीला परत वर गेलो.
भागूनं विचारलं, "काय ठरलं रे तुमचं?"
मी सांगितलं.
तिनं एकदा म्हणून बघितलं, बेलगौ...
अर्ध्यात सोडलं,
पळसाच्या पानांवर वाटे घालत म्हणाली,
"दुधाळ. पाच वाटे आहेत.
तुला कुठला देऊ?"