बुधवारचे वाल

नेरुळच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत,
बुधवारी अकराला आम्ही सहाजण वाल सोलतो.
मोड आलेले, कोमट पाण्यातले,
सालीतून निसटायला टपलेले.

पहिल्या दिवशी मी म्हणालो,
मॅडम, मी मापाडी. वाशीच्या मार्केटात
बत्तीस वर्षं कांद्याच्या गोणी मोजल्या.
मृदुला मॅडम म्हणाल्या, मग हेही मोजा.

उजवा हात माझाच आहे असं सगळे सांगतात.
मला तो पाहुण्यासारखा वाटतो,
मांडीवर येऊन बसलेला.
बोलत नाही, जातही नाही.

घरी रबरी चेंडू दाबायचो, वीस वेळा.
एकोणीस वेळा दाबला,
तर कुणाचं काय अडत होतं?
इथे अडतं.
माझी वाटी भरली नाही
की जैतूबाईची फोडणी ताटकळते.

जैतूबाई दिवाळ्याची कोळीण.
शब्द तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून सांडतात,
शिव्या मात्र सबंध येतात.
इक्बालभाईंचा हात थरथरतो,
वाल टिचकी मारल्यासारखा उडतो,
एकदा माझ्या चष्म्यावर.
दोन बुधवार आम्ही न बघितल्यासारखं केलं.
तिसऱ्या बुधवारी जैतूबाईने एक सबंध शिवी हासडली
आणि इक्बालभाई इतके हसले
की परातच उपडी झाली.

सहाजणांत मिळून सात धड हात,
फरशीवरून वाल वेचत होतो.
मॅडम मदतीला आल्या नाहीत.
वहीत काहीतरी लिहीत राहिल्या,
मान खाली घालून, ओठ दाबून.

तेव्हा सुयोग बोलला.
पामबीचवर बाईकवरून पडलेला पोरगा,
चार महिने मोबाइलच्या काळ्या काचेत बघत बसणारा.
म्हणाला, काका, धरलाय तुम्ही.
मी बघितलं.
अंगठा आणि तर्जनी, मध्ये एक वाल.
बघितल्याबरोबर निसटला.

बिरड्यात त्या दिवशी साली राहिल्या होत्या,
एखादा खडाही असेल.
आम्ही भांडं पुसून खाल्लं.

या बुधवारी जैतूबाईची खुर्ची रिकामी.
सून सांगून गेली,
बाजारात बसायला लागलीय परत,
अर्धा दिवस, सावलीत,
गिऱ्हाइकांना शिव्या देत.

वाल मात्र सहाजणांचे भिजवलेले.
तिच्या वाटणीचे कोण सोलणार, यावर
बरीच वादावादी झाली.
शेवटी मी हात वर केला.
उजवा.
म्हणजे, टेबलापासून चार बोटं.