ते वाकडं, लहान

खानापुरात स्टेशन रोडला, हलगेकरांच्या हार्डवेअरमध्ये
मी बिलाला बसते.
समोर पडदा, पडद्यावर पांढरी चौकट,
चौकटीत एक उभी रेघ लुकलुकते:
बोल, काय पाहिजे.

मी तीन अक्षरं मारते आणि थांबते.
चार हजार दोनशे वस्तूंची यादी
पाखडल्यासारखी होते,
फोलपट उडतं, सुपात उरतात नऊ-दहा ओळी.
बाणाने खाली, खाली, अजून एक खाली,
एंटर.

सोपं आहे.
पण के, आय, एल मारलं
की किल्ली येते आणि कीलीही येते.
आमच्यात किल्लीने कुलूप उघडतं;
बिडीच्या बसवण्णेप्पाकडे कीली म्हणजेच कुलूप.
पहिल्या महिन्यात मी त्याला
तीन बिनदात्यांच्या किल्ल्या बांधून दिल्या.
दुसऱ्या दिवशी हसत परत आला,
"आता दार कुठलं, ते पण सांगून सोडा."

खिळा तर तीन ठिकाणी आहे.
'खिळा दोन इंची' भरमाण्णा दिवाणजींनी घातलेला,
'मोळे दोन' त्यांच्यामागून आलेल्या शिवलीलेने,
'नेल' धन्यांनी स्वतः, एका रविवारी.
पत्र्याचा डबा एकच.
पडद्यावर मात्र खिळा उणे चौदा किलो,
मोळे एकतीस, नेल शून्य.
उणे चौदा किलो खिळे कसे दिसत असतील
म्हणून मी कधीकधी डब्यात वाकून बघते.

मार्चअखेरीला धनी म्हणाले,
"नंदिनी, एका वस्तूला एकच नाव ठेव. बाकीची काढ."
"कुठलं ठेवू?"
त्यांनी तोंड उघडलं, रस्त्याकडे बघितलं,
कौलांनी भरलेला एक ट्रक पूर्ण जाऊ दिला.
"तुझं तू बघ की," म्हणाले
आणि चहाला गेले.

शटर अर्धं ओढून बसले.
दोन ओळी निवडायच्या, 'एकत्र करा' दाबायचं,
मग तो विचारतो, कोणतं नाव राहू दे?
गोल दोन, टिंब एक.
हग्ग की दोरी.
सलिके की खोरं.
दोरी मी हग्गात घातली, खोरं खोरंच ठेवलं,
खिळ्याशी आले आणि पाणी पिऊन आले.
शेवटी शिवलीलेचं ठेवलं.
तिचं अक्षर मला कधी दिसलं नाही,
पण तिने दोन इंचीपुढे कुठेही चूक केलेली नाही.

साडेनऊला एक ओळ आली:
'ते वाकडं, लहान.' दर बारा रुपये. शिल्लक दोन.
तिला जोडी नव्हती.
'ते वाकडं, मोठं' शोधलं;
काहीही सापडले नाही, असं उमटलं.
दिवाणजी आता लोंढ्याला, मुलाकडे. फोन लावला.
"वाकडं?"
मग बराच वेळ फक्त गाडीची शिट्टी.
"असंल की. मी घातलोय म्हणजे असंल."

ओळ निळी करून ठेवली होती.
काढायच्या बटणावर बोट होतं.
धन्यांनी बाहेरून हाक मारली, मी मशीन बंद केलं.

आज जांबोटीकडचा एक गवळी आला.
नाव काही म्हणेना.
उजव्या हाताचं बोट मुडपलं,
डाव्या मुठीत अडकवलं, ओढून दाखवलं,
"असं असतंय बघा. पण एवढं मोठं नको."
माझ्या बोटांनी आपली आपण
तीन अक्षरं मारली.
यादी आटत आटत एका ओळीवर आली,
शेजारी कप्पा लिहिलेला: जिन्याखाली.

जिन्याखाली कुंद्याचं जुनं खोकं,
खोक्यात, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेली, दोन.
त्याने एक तळहातावर घेतलं. "हेच."
"काय म्हणतात हो ह्याला?"
"ह्याला?"
त्याने ते उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.
"गोठ्याच्या दाराला लागतंय."

एंटर.
शिल्लक एक.