मूळ परवानाधारक

आयलिफ ऑक्टोबरात गेला.
त्याचे बूट मी शेजारच्या ओडवारला दिले.
बूट काही बोलले नाहीत.
डाव्या टाचेला जास्त झिजलेले;
ओडवार आठवडाभर डावीकडे कलून चालला,
मग बुटांना त्याची सवय झाली.

बोट विकली. सुऱ्या वाटल्या. दुर्बीण भाच्याला.
कुठल्याच वस्तूनं विचारलं नाही,
आयलिफ कुठंय, आणि तू कोण.

विचारलं ते कॉम्प्युटरनं.

तेवीस वर्षं, धक्क्यावर मासळी तोलून आला
की हात पुसून तो त्यात लिहायचा:
वारा, ओहोटीची वेळ,
किती कॉड, किती हॅडक, कोणाच्या बोटीवरून,
आणि खाली एखादी ओळ, जी मला दाखवायचा नाही.
"मी मेल्यावर वाच," म्हणायचा, नि हसायचा.

आता मेलाय.
मी चष्मा पुसून बसले, तर पांढऱ्या चौकोनात:
परवान्याची मुदत संपली आहे.
मूळ परवानाधारकाने पुन्हा प्रवेश करावा.

मूळ परवानाधारक चर्चमागच्या उतारावर आहे.
बर्फ वितळेपर्यंत
त्याच्यावर दगडसुद्धा बसवता येत नाही.

फोन केला. बराच वेळ बासरी ऐकवली.
मग एक मुलगी आली, आवाजाला फार गोड,
म्हणाली, तुम्ही अटी मान्य केल्या होत्या.
मी?
नाही, त्यांनी.
त्यांनी वाचल्या होत्या का?
ती गप्प. तिच्यापुढच्या कागदावर
या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नसावं.

म्हणून मीच वाचल्या.
डिसेंबरात लोफोटेनचा सूर्य जातो तो जानेवारीतच उगवतो,
मधे वेळच वेळ.
एकोणसाठ पानं.
जन्मभर जाळी सांधली मी,
इतकी घट्ट वीण कुठं पाहिली नाही.
अहो, कॉडच्या जाळ्यालासुद्धा भोकं मोठी ठेवतात,
पिल्लं सुटावीत म्हणून.

पान बारा: ही वस्तू तुम्हाला विकलेली नाही.
(पैसे घेतलेत. पावती बिस्किटांच्या डब्यात आहे.)
पान एकवीस: आत काय आहे ते उघडून पाहू नये.
पान चौतीस: या अटी आम्ही केव्हाही बदलू,
तुम्ही वापरत राहिलात, म्हणजे तुम्हाला मंजूर.
गप्प बसली म्हणजे कबूल, हा न्याय मी
एक्केचाळीस वर्षांच्या संसारात चालू दिला नव्हता.
पान त्रेचाळीस: परवाना अहस्तांतरणीय आहे,
वारसांनाही.

हा शब्द मी मोठ्यानं वाचला.
मांजर उठून बाहेर गेलं.

लायब्ररीत गुरुवारी दुरुस्तीला बसतो तो अमानुएल,
दिवसा फिश फॅक्टरीत, मूळचा अस्माराचा.
त्यानं यंत्र कुशीवर घेतलं, तापलेल्या पोरासारखं.
म्हणाला, "पेटी तुमची, मजकूर तुमचा,
कुलूप तेवढं त्यांचं.
आणि कुलपाला हात लावणं हा पान एकवीसचा गुन्हा."
मी म्हटलं, "कॉफी घेणार?"
म्हणाला, "दोन साखर."

चार गुरुवार लागले.
सगळं नाही निघालं. सात वर्षं पार गेली,
उरलेल्यात वारा आला, ओहोट्या आल्या, आकडे आले;
खालच्या ओळी बहुतेक नुसत्या चौकटी,
आमच्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं.

पण एक पान असं:

चौदा मार्च. वारा नैर्ऋत्येचा.
कॉड बाराशे किलो, हॅडक नाही.
टोरब्य?र्ग आज रागावली आहे.
कारण विचारायचं धाडस झालं नाही.

माझ्या नावाच्या मधोमध प्रश्नचिन्ह.
अमानुएल म्हणाला, "हे दुरुस्त करतो."
मी म्हटलं, "राहू दे."

छापून फ्रिजवर लावलंय.
ओडवार आला की उभ्यानं वाचतो,
आयलिफच्या बुटात,
आणि दर वेळी विचारतो, रागावली कशावरून होतीस?

मला आठवतंय.
त्याला सांगणार नाही.
तेवढं मात्र अहस्तांतरणीय आहे.